सूत जुळलं पाहिजे

आमच्या भिवंडीत ‘सूत’ हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो, आणि दर वेळी त्याचा अर्थ एकच असतो असं नाही. मागावर चढतं ते सूत. मिस्त्री ‘दोन सूत सरकव’ म्हणतो तेव्हा ते इंचाचा आठवा भाग. गवंडी दोरी ताणून भिंत बघतो आणि ‘सुतात आहे’ म्हणतो, ते तिसरं. दोन माणसांचं पटलं की त्यांचं जुळतं, ते चौथं. आजच्या विषयाला यातली शेवटची तिन्ही लागतात. पहिलं लागत नाही, पण ते नसतं तर हा विषय मला कळलाच नसता.

विषय आहे दुसऱ्या महायुद्धातल्या स्नायपर रायफलींचा. या रायफलींवर दुर्बीण असे. युद्धानंतर हजारो रायफलींवरून ती उतरवली गेली. आज संग्रहालयं आणि जगभरचे संग्राहक अशा रायफली पूर्ववत करायला घेतात, तेव्हा त्यांचं घोडं हमखास एकाच जागी अडतं: दुर्बीण परत बसवायची कशी? ऐकताना वाटतं, चार स्क्रू पिळायचे, झालं. मलाही तसंच वाटायचं.

कल्याण रोडच्या आतल्या एका कारखान्यात जुना साधा माग उघडून ठेवला होता. आडवं सूत नेणारा धोटा येऊन थांबतो ती पेटी जॉबरने, म्हणजे मागाच्या मिस्त्रीने, बदलली होती. पद्मानगरचा तेलुगू माणूस, हयात मागांत गेलेली. त्याने एक पोलादी पट्टी घेतली, पेटीची मागची भिंत आणि फणी या दोन्हींना एकदम टेकवली आणि पलीकडे बल्ब धरला. पट्टी आणि फणी यांच्यामधून उजेडाची केसाएवढी रेघ दिसली. ‘उजेड आला म्हणजे धोटा उडणार,’ तो म्हणाला. मग त्याने बोल्ट सैल केले, पेटीखाली पत्र्याची पातळ पत्ती सरकवली, पुन्हा आवळले, पुन्हा पट्टी लावली. तीन खेपांनंतर रेघ मिटली. मी विचारलं, पहिल्यांदाच बोल्ट घट्ट पिळला असता तर? तो हसला. ‘बोल्ट पकडतो फक्त. जागा कोण दाखवणार?’

मिनिटाला शंभराहून जास्त फेऱ्या मारणारा धोटा रेषेतून जरा हलला तर उसळून बाहेर येतो आणि शेजारच्या माणसाला लागतो. रायफलीवरच्या दुर्बिणीचंही तसंच आहे. फरक एवढाच, की तिथली चूक शेजारी दिसत नाही, तीनशे मीटरवर दिसते.

पाणलाव्यापासून दुर्बिणीपर्यंत

‘स्नायपर’ हा शब्द हिंदुस्थानातला, अठराव्या शतकातला. इथले इंग्रज अधिकारी स्नाइप या पक्ष्याच्या शिकारीला जात. आपण त्याला पाणलावा म्हणतो. हिवाळ्यात भाताच्या खाचरांत आणि दलदलीत तो उतरतो. रंग चिखलाचा, उडतो तो वेडेवाकडे झोके घेत. त्याला टिपणं म्हणजे नेमबाजीची परीक्षा. पुढे त्या पक्ष्यावरून शिकाऱ्याला आणि शिकाऱ्यावरून लपून एकाच माणसावर नेम धरणाऱ्या सैनिकाला हे नाव पडलं.

मराठी मुलखाने हा शब्द दुसऱ्या टोकानेही अनुभवला आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे आपल्या सेक्शनसह पुढे सरकत होते. जवळच्याच मशीनगनच्या माऱ्यात त्यांचे सगळे सोबती पडले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला उसंत नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. ठाणं जिंकलं, आणि त्याच वेळी शत्रूच्या स्नायपरनी त्यांना छातीत आणि पाठीत टिपलं. माणगाव तालुक्यातल्या या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुर्बिणीच्या मापांवर बोलताना ही मापं कशासाठी होती हे विसरू नये, म्हणून ही आठवण.

कारखान्यात लावलेली जोडी

ब्रिटिश फौजेची त्या युद्धातली प्रसिद्ध स्नायपर रायफल म्हणजे ‘नंबर ४ मार्क १ (टी)’. ‘टी’ म्हणजे टेलिस्कोप. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या .३०३ च्याच घराण्यातली ही. तिची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातही बनत. त्यांच्या बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असे. जगभरचे संग्राहक तो आजही ओळखतात.

ही रायफल मुद्दाम वेगळी घडवत नसत. नेहमीच्या उत्पादनातून ज्या रायफली नेमाला सरस निघत, त्या बाजूला काढत आणि त्यांच्यावर ‘टीआर’ असा शिक्का मारत. मग त्या लंडनच्या ‘हॉलंड अँड हॉलंड’ या शिकारी बंदुका बनवणाऱ्या नामांकित कंपनीकडे जात. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत तिथे तेवीस हजारांहून अधिक रायफलींवर दुर्बिणी चढल्या. त्या कंपनीची खूण ‘एस ५१’ दस्त्याच्या खालच्या अंगाला सापडते. गाल टेकायला दस्त्यावर लाकडी उंचवटाही बसवत, कारण दुर्बीण नळीच्या बरीच वर असल्यामुळे डोळा वर न्यावा लागे.

दुर्बीण होती ‘नंबर ३२’, तीन पट मोठं दाखवणारी. तिचा आराखडा मुळात ब्रेन मशीनगनसाठी झाला होता. रायफलीच्या बॉडीला डाव्या अंगाने पोलादाचे दोन छोटे पॅड बसवत, एक पुढे, एक मागे. ते स्क्रूने आवळलेले आणि शिवाय कथलाच्या डाखाने चिकटवलेले. या पॅडवर दुर्बिणीचं ओतीव ब्रॅकेट अंगठ्याने पिळायच्या दोन मोठ्या स्क्रूंनी बसे. गरज नसेल तेव्हा सैनिक दुर्बीण काढून पत्र्याच्या डब्यात ठेवी. परत लावली की नेम होता तिथेच आला पाहिजे, ही अट होती.

आता यातली मेख बघा. ब्रॅकेटवर त्या रायफलीचा नंबर ठोकलेला असे आणि रायफलीच्या लाकडी दस्त्यावर त्या दुर्बिणीचा. कारण हे भाग एकमेकांना लावून, घासून, तपासून बसवलेले असत. शेजारच्या रायफलीची दुर्बीण या रायफलीवर चढे, पण नेमाला बसेलच असं नसे. मराठीत सांगायचं तर त्यांचं सूत जुळवलेलं होतं.

युद्ध संपलं आणि ही जोडी मोडली. काही रायफली पुढे ७.६२ मिलिमीटरच्या करून वापरात राहिल्या, अनेक मोडीत निघाल्या. बऱ्याच ठिकाणी दुर्बिणी वेगळ्या विकल्या गेल्या आणि रायफली वेगळ्या. रशियाने तर मोसिन-नागांट या आपल्या स्नायपर रायफली डागडुजीला घेताना दुर्बिणी उतरवल्या, स्क्रूंची भोकं बुजवून घासून सपाट केली आणि नळीवरचा दुर्बिणीचा नंबर रेघ मारून खोडला. आज अशी रायफल हातात आली की बुजवलेलं भोक हीच तिची जन्मखूण ठरते.

कागदाच्या जाडीचा हिशेब

समजा, दुर्बिणीला धरणाऱ्या दोन कड्यांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर आहे. एका कड्याखाली वहीच्या कागदाचा कपटा अडकला. कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. म्हणजे शंभर मिलिमीटरला ०.१ मिलिमीटरचा चढ, हजाराला एक. शंभर मीटरवर ही चूक दहा सेंटिमीटर होते, तीनशे मीटरवर तीस. नेम चेहऱ्यावर धरावा आणि गोळी डोक्यावरून जावी, एवढी.

दुर्बिणीत नेम हलवायच्या फिरक्या असतात, मग ही चूक तिथे का काढू नये? काढता येते, पण थोडी. नंबर ३२ च्या शेवटच्या नमुन्यात फिरकीचा एक टिचका म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर तो जेमतेम तीन सेंटिमीटर भरतो. त्यात त्या काळच्या दुर्बिणींची आणखी एक खोड आहे. आजच्या दुर्बिणीत फिरकी कितीही फिरवा, फुली दृश्याच्या मधोमधच दिसते. जुन्या दुर्बिणीत नेमाचा काटाच जागचा सरकतो. माउंट, म्हणजे दुर्बिणीची बैठक, वाकडं असेल आणि ते फिरकीने सावरायला गेलात, तर काटा गोलाच्या कडेला जाऊन बसतो. म्हणून चूक मुळाशी, बैठकीवरच काढावी लागते. रशियन पीयू दुर्बिणीच्या माउंटवर यासाठी वर-खाली करायला स्क्रू ठेवले होते. आडव्या दिशेची चूक मात्र कारागीर कानशीने घासून किंवा पत्ती घालून काढत.

धरणारा वेगळा, ठरवणारा वेगळा

आता जॉबरच्या वाक्याकडे येऊ. स्क्रू भोकातून सहज जावा म्हणून भोक नेहमी किंचित मोठं ठेवतात. त्या फटीत भाग इकडेतिकडे सरकू शकतो. म्हणून स्क्रू दोन भाग दाबून धरतो, त्यांची जागा ठरवत नाही. जागा ठरवते ती घट्ट बसणारी पिन, एकमेकांना पूर्ण टेकलेले पृष्ठभाग किंवा डाखाचा थर. मोसिनच्या माउंटवर दोन मोठ्या स्क्रूंच्या जोडीला दोन पिना आहेत त्या उगाच नाहीत. ब्रिटिशांनी तेच काम डाखाकडून करून घेतलं.

हे इतकं महत्त्वाचं का, ते धक्क्याचा ढोबळ हिशेब केला की कळतं. .३०३ ची गोळी ११ ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. गोळी आणि दारूचा वायू पुढे जातात तशी दुर्बिणीसकट पाच किलोच्या घरातली रायफल मागे येते, सेकंदाला साधारण दोन मीटर वेगाने. हा वेग ती गाठते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात. म्हणजे त्या क्षणी दुर्बिणीवर तिच्या वजनाच्या दीडशे ते दोनशे पट ओढ पडते. एक किलोची दुर्बीण क्षणभर दीडदोन क्विंटलची होते आणि रायफल मागे जात असताना ती जागेवरच राहू पाहते. हा हिसका एकट्या बारीक स्क्रूंवर आला तर ते सैल होतात, वाकतात, कधी तुटतात. या ब्रिटिश रायफलींच्या पुढच्या पॅडचे स्क्रू ढिले होणं ही लष्करातलीसुद्धा जुनीच तक्रार. त्यावर उपाय म्हणून स्क्रूच्या कडेचं पोलाद छिन्नीने ठोकून त्यांना अडकवून टाकत.

चार चुका

दुरुस्तीतल्या बहुतेक चुका हाताच्या नसतात, घाईच्या असतात.

पहिली, नवं भोक पाडणं. जुनं भोक बुजलंय म्हणून शेजारी ड्रिल चालवलं की रायफलीचा पुरावाही जातो आणि पोलादही कमजोर होतं. जाणकार आधी बुजवलेला तुकडा शोधतात, त्याचा मध्य काढतात आणि तेवढाच बाहेर घेतात.

दुसरी, चुकीचा आटा. भिवंडीच्या कुठल्याही जुन्या जॉबरला हे सांगावं लागत नाही. लँकेशायरच्या मागांवर व्हिटवर्थ आटे, त्यांचा कोन ५५ अंश. आजच्या मेट्रिक स्क्रूचा ६० अंश. जुन्या ब्रिटिश बारीक यंत्रांत आणि दुर्बिणींत ‘बीए’ नावाचा तिसराच आटा भेटतो, कोन साडेसत्तेचाळीस अंश. चार नंबरचा बीए स्क्रू ३.६ मिलिमीटरचा. त्याच्या भोकात चार मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू ‘जवळपास तोच’ म्हणून पिळला तर अडतो, आणि जोर लावला की सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेला आटा भुगा होऊन बाहेर येतो.

तिसरी, वेल्डिंग. रायफलीची बॉडी ठरावीक तापमानाला पाणी देऊन कडक केलेली असते. वेल्डिंगचा जाळ लागला की ती त्या जागी मऊ पडते. पितळी डाखालाही सहाशे अंशांच्या पुढची उष्णता लागते. कथील आणि शिशाचा डाख मात्र १८३ अंशांना वितळतो. तेवढ्याने पोलादाला काही होत नाही, म्हणूनच मूळ कारागिरांनी तो निवडला. त्या वेळी दुर्बीण मात्र रायफलीवर नको. जुन्या दुर्बिणींत दोन भिंगं कॅनडा बाल्समने चिकटवलेली असतात. ही एका सूचिपर्णी झाडाची राळ आहे. ऊब लागली की ती सैलावते आणि भिंगं सरकतात.

चौथी, न टेकलेली बैठक. पॅड बॉडीवर सर्वांगाने टेकलाय की तीनच टोकांवर उभा आहे, हे डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी फिटरांची जुनी युक्ती आहे: तेलात कालवलेल्या शेंदराचा पातळ हात एका भागाला द्यायचा, दुसरा त्यावर दाबून उचलायचा. जिथे रंग लागला तिथे टेकतंय, जिथे कोरं राहिलं तिथे हवा आहे. उंच ठिपके कानशीने हळूच काढायचे, पुन्हा शेंदूर, पुन्हा दाबायचं. सगळीकडे सारखा रंग उमटेपर्यंत. मारुतीला लावतात तो शेंदूर इथे साक्षीदाराचं काम करतो.

सगळं बसलं की रेषा तपासायची. त्यासाठी गोळी झाडावी लागत नाही. रायफल शिकंज्यात पक्की करायची, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढायचा आणि मागून नळीतून आरपार बघायचं. दूरवरची एखादी खूण, समजा पाण्याच्या टाकीचा कठडा, नळीच्या गोलात मधोमध आणायची. रायफल न हलवता आता दुर्बिणीत डोळा घालायचा. काट्याचं टोक त्याच कठड्याच्या जवळपास असेल तर बैठक बरोबर. भलतीकडेच असेल तर फिरकीला हात न लावता पुन्हा शेंदूर काढायचा. दोरी ताणून भिंत बघणारा गवंडी याहून वेगळं काही करत नाही.

कायदा आणि कसब

हे वाचून कोणाचे हात शिवशिवले तर आधी कायदा वाचावा. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बाळगायलाच नव्हे, व्यवसाय म्हणून दुरुस्त करायलाही परवाना लागतो. .३०३ हा लष्कराचा आणि पोलिसांचा बोअर, त्यामुळे तो सामान्य परवान्यात मिळत नाही. दुरुस्त करूनसुद्धा कधीच चालणार नाही अशा जुनाट शस्त्राला कायद्यात वेगळी वागणूक आहे, पण ते तसं आहे की नाही हे आपलं आपण ठरवायचं नसतं. आपल्याकडे हे काम शोभतं ते संग्रहालयाच्या कार्यशाळेला.

संग्रहालयाचा धर्मही वेगळा. नेमबाजाला रायफल पुन्हा अचूक हवी असते, संग्रहालयाला ती खरी हवी असते. मूळ दुर्बीण आज बहुधा रायफलीहून महाग जाते, म्हणून नक्कल माउंट आणि नक्कल दुर्बिणी सर्रास बनतात. साध्या रायफलीवर पॅड चढवून तिला स्नायपर म्हणून खपवणारेही आहेत. त्यांना पकडून देतात त्या जुन्या खुणा: ‘टीआर’ आहे का, ‘एस ५१’ आहे का, दस्त्यावरचा नंबर दुर्बिणीशी जुळतो का. जिथे जोडीतला एक भाग हरवलाच आहे, तिथे प्रामाणिक कारागीर दुसरा भाग लावतो, पण त्यावर जुना नंबर ठोकत नाही. काय मूळचं, काय नंतरचं, हे वहीत लिहून ठेवतो. जे केलं ते उद्या कोणाला उलटवता यावं, एवढी वाट मोकळी ठेवतो. कथलाचा डाख पुन्हा सुटतो, वेल्डिंग सुटत नाही. तो डाख निवडायचं हे दुसरं कारण.

त्या कारखान्यातून निघताना जॉबर पुढच्या मागाकडे वळला होता. तिथलीही पेटी काढायची होती. पाना लावण्याआधी त्याने खिशातून सेंटर पंच काढला आणि पेटीच्या कडेवर तीन ठिपके मारले. मग मागाच्या सांगाड्यावर, बरोबर त्यांच्यासमोर, आणखी तीन. शेजारच्या पेटीला चार आणि चार. ‘सगळ्या पेट्या एकसारख्याच की,’ मी म्हटलं.

‘दिसायला,’ तो म्हणाला आणि पाना लावला.